पाण्यात न पडलेली अळशी

शैला, अळशी पाण्यात नव्हती.

एक दिवसही नव्हती. हॉस्पिटलात तुझ्या पलंगाशेजारच्या निळ्या खुर्चीत बसून मी तुला रोज जे सांगत होते, बुडबुडे आले, पाणी पिवळं पडलं, वासानं शेजारचा केन नाक धरून पळाला, ते सगळं मी रचलेलं होतं. तू जाऊन आज चार आठवडे झाले. तुझ्यासाठी जमलेले लोक उभे राहून बोलले, तू ब्रिस्टलमध्ये किती वर्षं भूल देणारी डॉक्टर होतीस, किती नवख्या मराठी डॉक्टरांना पहिल्या महिन्यात जेवू घातलंस, वगैरे. मलाही बोलायचा आग्रह झाला. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, आणि तिथे तू सोडून सगळे होते.

मुळात आपलं भांडण नावापासूनचं. आमच्या वर्ध्याकडे तिला जवस म्हणतात. जवसाची चटणी, जवसाचं तेल, विषय संपला. तू पुण्याची, तुझी ती अळशी. ऐकणाऱ्याला आळशी ऐकू येतं, असं मी म्हटलं की तू म्हणायचीस, कानात तेल घाल, जवसाचंच घाल. अलॉटमेंटवर, त्या कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेल्या बागेच्या तुकड्यावर, तू वाफ्याला पाटी लावलीस तेव्हा तुझ्या मितूनं ती अक्षर अक्षर लावत वाचली आणि विचारलं, "आई, हा वाफा आळशी का आहे?" तिशीतली पोरगी, ब्रॅकनेलला आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आणि मराठी मात्र माझ्या रविवारच्या वर्गात सोडलं होतं तिथेच थांबलेलं. आपण दोघी इतक्या हसलो की शेजारच्या प्लॉटवरचा केन काय झालं म्हणून कुंपणाशी आला. आता ते हसणं आठवलं की मला कसंतरी होतं.

हे वेड तुला रिटायर झाल्यावर लागलं. बाकीच्या बायका क्रूझवर जातात, ब्रिज शिकतात. तू म्युझियममध्ये व्हॉलंटियर झालीस आणि इजिप्तच्या खोलीत उभी राहायला लागलीस. मला एकदा ओढून नेलंस. मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, मी कॅफेतल्या स्कोनसाठी येतेय. तर तू मला पाऊण तास एका काचेच्या पेटीसमोर उभं केलंस. आत अळशीच्या धाग्याच्या कापडाचा, हातरुमालाएवढा, चहाच्या रंगाचा एक तुकडा. सोन्याचे मुखवटे बघायचे सोडून हे कशाला, असं मी म्हणाले. तू काचेला बोट लावून दाखवलंस, मधोमध रफू केलेला होता. बारीक, नेटका, उलटसुलट टाके. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बाई चादर फाटली म्हणून उन्हात बसून शिवत होती, आणि पुढे घरात कुणी गेलं तेव्हा तीच चादर फाडून त्या माणसाला गुंडाळलं. तुला त्या गोष्टीनं झपाटलं. ममीच्या पट्ट्या म्हणजे घरातलंच जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, हे तू शाळेच्या मुलांना इतक्यांदा सांगितलंस की तुझ्याशी फोनवर बोलतानाही मला ते ऐकावं लागायचं. आपल्यात कोरं कापड लागतं, मी म्हणाले. तू म्हणालीस, कोरं टोचतं.

मग पुस्तकं आली. नाईलचा पूर ओसरला की गाळात अळशी पेरायचे, हे मला तुझ्यामुळे कळलं. ती कापायची नाही, मुळासकट उपटायची, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही, आणि मग साल सुटेपर्यंत पाण्यात कुजत ठेवायची. थडग्यांच्या भिंतींवर माणसं ओळीनं उभी राहून ती उपटतानाची चित्रं आहेत, ती तू मला दाखवलीस. हिरवी असताना उपटली की त्यातून तलम कापड, पिवळी झाल्यावर उपटली की जाडंभरडं पण टिकाऊ, आणि पार वाळू दिली की दोरखंड, चटया आणि बी. त्यांच्या होड्यांची शिडं तिची, मासे धरायची जाळी तिची, दिव्यातली वात तिची. पुजाऱ्यांच्या अंगावर तेच. आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये क्षौम म्हणतात तेही हेच, असं तू मला जिंकल्यासारखं सांगितलंस. मी म्हणाले, आमच्याकडे फोडणी देतात.

एक दिवस सकाळी फोन. मी ब्रेकफास्ट करत होते. "सुमे, या बायका वाती वळतायत!" कोण बायका, मला काही कळेना. तुला कुठल्याशा पुस्तकात सापडलं होतं की इजिप्तच्या बायका आजच्यासारखं सूत काततच नव्हत्या. अळशीच्या सालीच्या पट्ट्या सोलायच्या, एकीचं टोक दुसरीच्या टोकाला लावायचं, ओलं करायचं आणि बोटांनी पीळ द्यायचा. देवाच्या वाती करताना आपण बोट दुधात बुडवतो, त्या बायका पाण्याच्या वाडग्यातून धागा नेत, नाहीतर सरळ तोंडात धरत. म्हणजे राजाच्या अंगावर उष्टं कापड, मी म्हणाले. तू इतकी खूश झालीस. माझ्या चेष्टेचं इतकं चीज आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही.

पहिल्या वर्षी तुझं बी पक्ष्यांनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी मात्र आलं. जूनमध्ये ती निळी फुलं फुलली. सकाळी उमलायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत पाकळ्या खाली. तू मला सकाळी आठला फोन करायचीस, आत्ता ये, नंतर काही दिसणार नाही. आणि मग आपलं खरं भांडण झालं. तुला हिरवी असताना उपटायची होती, तलम धाग्यासाठी. मी म्हणाले, थांब जरा, बोंडं भरू दे, इतक्या वर्षांत मी घरच्या जवसाची चटणी खाल्ली नाही. दोन्ही एकदम मिळत नाही हे तू मला शंभरदा समजावलंस. मी चिडले, तुला कापडाची काय हौस, मार्क्सच्या दुकानात मिळतं की. तू थांबलीस. माझ्यासाठी थांबलीस. बी झालं, मी चटणी केली, तू दोन वेळा वाढून घेतलीस. धागा मात्र असा राठ निघाला की त्याची जेमतेम सुतळी झाली, ती केननं टोमॅटो बांधायला नेली. तू वर्षभर त्यावरून एक शब्द बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस गं.

मग तिसरं वर्ष, म्हणजे हे. एप्रिलमध्ये तू पेरलंस तेव्हा तुला तुझा रिपोर्ट आलेला होता आणि मला तू तो सांगितला नव्हतास. मी आपली तुला चिडवत होते, यंदा अर्धा वाफा माझ्या चटणीचा. तू हात झटकलेस आणि म्हणालीस, "या वर्षी फक्त धागा, सुमे. हातरुमालाएवढं कापड मला बघायचंय." मला वाटलं, हट्टी बाई. तुझा हट्ट कशाचा होता ते मे महिन्यात कळलं.

आता ते सांगते, जे सांगायला बसले आहे.

जुलैच्या त्या गुरुवारी तू वॉर्डात होतीस. बोलताना दम लागत होता. तू मला म्हणालीस, "मितूला सांग, अळशी काढायला झाली. आणखी थांबली तर राठ होईल." मितू शनिवारी येणारच होती. माझा गुडघा नुकताच बदललेला, मला वाकता येत नव्हतं, नाहीतर मीच गेले असते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले, चष्मा शोधला, आणि तिला मेसेज केला. "आईची अळशी या वीकेंडला काढून टाक."

काढून टाक. वर्ध्याला माझे काका असंच म्हणायचे, तूर काढून टाकू, गहू काढून टाकला. एकदाचं काम उरकणं, एवढाच अर्थ. जेवून टाक, सांगून टाक, करून टाक. आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आणि त्यात कुणी काही फेकत नाही.

शनिवारी दुपारी मितूचा फोन आला. "मावशी, तो अळशी मी काढून टाकला. सगळा. केनचा स्ट्रिमर घेतला. आईला सांग, ऑल डन. मला जरा रडू आला, पण मी केला." मी म्हणाले, शाब्बास. रडू कशाला आलं, असा प्रश्न मला पडला, पण विचारला नाही. स्ट्रिमर, म्हणजे गवत भादरायचं मशीन, हा शब्द नुसता कानावरून गेला. मी तुला येऊन सांगितलं की झालं काम. तू डोळे मिटलेस आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी बऱ्याच दिवसांनी बघत होते.

रविवारी मी काठी टेकत अलॉटमेंटवर गेले, पेंढ्या बांधून ठेवल्या आहेत का ते बघायला. वाफा भादरलेला होता. केन म्हणाला, छान साफ केलं हो पोरीनं, काय मन लावून काम करत होती. मी कंपोस्टच्या ढिगात हात घातला. बोटभर लांबीचे तुकडे, हिरवे, गवतात मिसळलेले. त्यातले काही मी वेचलेसुद्धा. एकाला एक लावून बघितले, वेड्यासारखे. बोटभर तुकड्याचा धागा होत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस.

तेव्हा मला ते रडू समजलं. मितूला वाटलं, आईनं सोडून दिलं. आजारपणात आता हे सगळं नको, उपटून फेकून दे, असा निरोप आईनं दिला आहे. म्हणून ती लेकरासारखी रडत रडत तुझा वाफा साफ करत होती.

आणि तिला टाक हा शब्द शिकवला कुणी? मीच. चर्चच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, आठ वर्षांची मितू पहिल्या रांगेत. फळ्यावर मी कचऱ्याचा डबा काढला होता, त्यात केळ्याची साल पडताना दाखवली होती, आणि मुलांकडून एका सुरात म्हणवून घेतलं होतं, कचरा डब्यात टाक. इतकी वर्षं मी वर्ग घेतला, पण काढून टाक, करून टाक यातला टाक वेगळा असतो, हे सांगायचं मला कधी सुचलं नाही. आपल्याला येतं त्याची आठवण कशाला होईल. माझी शुद्ध मराठी, माझा तो तोरा, सगळ्या वर्गाला माहीत होता.

सोमवारी तुझ्याकडे आले ते सांगायचंच असं ठरवून. पार्किंगमध्ये दोनदा म्हणूनही बघितलं. मी खुर्चीत बसायच्या आत तू विचारलंस, "पाण्यात टाकली का?"

मी हो म्हणाले.

मग थांबता येईना. तू विचारत गेलीस, मी सांगत गेले. केनच्या जुन्या बाथटबमध्ये ठेवली आहे, वर दगड ठेवला आहे. तिसऱ्या दिवशी बुडबुडे. पाचव्या दिवशी वास. मला हे सगळं सांगता येत होतं, कारण लहानपणी आमच्या नाल्यात काका अंबाडी कुजवायचे. ते पाणी कसं दिसतं, वाख, म्हणजे सालीतला धागा, सुटायला लागला की बोटांना कसा बुळबुळीत लागतो, ते मला पाठ आहे. माझं लहानपण मी तुला अळशी म्हणून विकलं. तू डोळे मिटून ऐकायचीस, मधूनच सूचना द्यायचीस, पाणी फार थंड असेल तर जास्त दिवस लागतील, काडी मोडून बघ, आतला दांडा तुटला आणि साल मुळापासून शेंड्यापर्यंत सोलली गेली की काढ. मी मान डोलवायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. हो, शैला, मी वहीसुद्धा काढली होती. ती माझ्यासमोर आत्ता आहे.

मधल्या एका दिवशी मितू होती. तू तिचा हात धरलास आणि म्हणालीस, तू वेळेवर काढलीस म्हणून बरं झालं, आता सुमी पाण्याचं बघतेय, आठवड्याभरात वाख निघेल. मितूनं माझ्याकडे बघितलं. मी तुझ्या सलाइनच्या बाटलीकडे बघितलं. तिनं तुझी चादर नीट केली. मग म्हणाली, "येस, आई." तिला त्या क्षणी किती समजलं असेल, काय समजलं असेल, मी अजून विचारलेलं नाही. पण त्या दिवसापासून ती मला फोनवर अळशीचं एक अक्षर बोलली नाही.

आठव्या दिवशी तू म्हणालीस, "उद्या एक काडी आण. मला बघू दे."

मी सकाळी साडेसातला अलॉटमेंटवर होते. काय करायला गेले होते देव जाणे. पाण्याच्या पिंपामागे, जिथे स्ट्रिमर पोचत नाही, तिथे कुंपणाला चिकटून दहा-बारा काड्या उभ्या दिसल्या. मी काठी बाजूला ठेवली आणि त्या नव्या गुडघ्यावर खाली बसले. एकेक करून मुळासकट उपटल्या, चित्रातल्या माणसांसारख्या. मग बराच वेळ मला उठता आलं नाही. केन आला, त्यानं हात दिला. मी त्यातली एक काडी बाटलीतल्या पाण्यानं ओली केली, टिश्यूत गुंडाळली आणि तुझ्याकडे आले.

तुझी बोटं तेव्हा फुगली होती. तू काडी घेतलीस, अंगठा तिच्यावरून खाली वर फिरवलास, आणि मधोमध वाकवलीस. ती तुटली नाही. कशी तुटणार, त्याच सकाळपर्यंत ती जमिनीत उभी होती. साल सुटली नाही. मुळाला ताजी माती होती, शैला, मी धुवायची विसरले होते. तू ती माती बघितलीस. म्हणजे बघितली असशील, तुझी नजर तिथे होती. चाळीस वर्षं माणसाच्या मनगटाला हात लावून तू सांगायचीस, याची झोप पुरी झाली की नाही. तुला एक काडी कळली नसेल?

तू ती टिश्यूत परत गुंडाळलीस आणि माझ्या हातात दिलीस. "चांगली आहे," म्हणालीस. "अजून दोन दिवस ठेव."

मी म्हटलं, ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

तुला ठाऊक होतं का? हा एकच प्रश्न घेऊन मी चार आठवडे फिरते आहे. ठाऊक होतं आणि तू मला सांभाळून घेतलंस, तर मला लाज वाटते. ठाऊक नव्हतं आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस, तर आणखी लाज वाटते. दोन्हीकडून माझी सुटका नाही. जेवताना, औषधाच्या गोळ्या मोजताना, बसस्टॉपवर मी एकदा हे बोलते, एकदा ते. तू असतीस तर म्हणाली असतीस, सुमे, तू निवाडा करायला बसलीस की भाजी करपते.

त्या काड्या मी माझ्या किचनमध्ये बादलीत ठेवल्या. अजून दोन दिवस, तू म्हणाली होतीस, म्हणून मी दोन दिवस ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी काढल्या. काही झालं नव्हतं. दोन दिवसांत होणार नव्हतंच, पण तुझ्या शब्दाबाहेर जायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. मग परत पाण्यात घातल्या. इथे माणूस गेल्यावरही क्रिमेटोरियमचा नंबर लागायला दोन आठवडे जातात, ते एकदाच माझ्या उपयोगी पडलं. दहाव्या दिवशी खरंच वास आला. अगदी आमच्या नाल्याचा. मी तुला खोटं सांगितलेलं एकेक होत गेलं, बुडबुडे, पिवळं पाणी, सगळं त्याच क्रमानं. मी बादलीजवळ स्टूल घेऊन बसले आणि मोठ्यानं तुला सांगत राहिले. ऐकायला तू नव्हतीस.

मितू माझ्याकडे क्रिमेटोरियमच्या कागदपत्रांवर सही करायला आली तेव्हा तिनं ती बादली बघितली. नाकाला हात लावला नाही. वाकून बघितलं, एक काडी उचलली, परत ठेवली. "आईचा?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. तिनं सही केली आणि चहा न घेता गेली.

दहा-बारा काड्यांतून निघतं ते किती निघणार. मी पट्ट्या सोलल्या, टोकाला टोक लावलं, आणि वाती वळतात तसा पीळ दिला. दूध लावून बघितलं, बसेना. पाणी लावलं, सुटलं. शेवटी तोंडात धरलं आणि बसलं. वीतभर लांबीचा धागा झाला, मधे गाठीच गाठी. हातरुमालाएवढं कापड तुला बघायचं होतं आणि मी वीतभर उष्टा धागा घेऊन आले. क्रिमेटोरियमला न्यायच्या आधी मितूनं तो तुझ्या मनगटाला बांधला. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती, मी मदत केली नाही. मला तेवढा अधिकार वाटला नाही. अंगावर तुझी जुनी सुती साडी होती, धुऊन मऊ झालेली. कोरं काही नव्हतं, एवढं मी बघितलं.

काल तुझं कपाट आवरायला गेलो. घर महिनाअखेर रिकामं करायचं आहे, अलॉटमेंट तर कौन्सिलनं पुढच्या माणसाला दिलीसुद्धा. मितू एकेक वस्तू हातात घेऊन मला विचारत होती. "मावशी, हे काढून ठेवू, का काढून टाकू?" तुझा हिरवा कार्डिगन. ठेव, मी म्हटलं. तुझा दुसरा चष्मा. ठेव. म्युझियमचा बिल्ला. ठेव. चौथ्या की पाचव्या वस्तूला माझ्या लक्षात आलं. ती दोन्ही शब्द वेगवेगळे, फार जपून उच्चारत होती आणि माझ्याकडे न बघता उत्तराची वाट बघत होती. तिला कळलं होतं. कधी कळलं, कुणाला विचारून कळलं, माहीत नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, की मितू, चूक तुझी नव्हती, शब्द माझा होता. आणि मी म्हणत राहिले, ठेव, ठेव. आवरून झालं तेव्हा कपाट होतं तसं भरलेलं होतं.

मग खालच्या खणातून एक बरणी निघाली. गेल्या वर्षीचं बी, माझ्या हट्टामुळे झालेलं. तू थोडं काढून ठेवलं होतंस, झाकणावर तुझ्या अक्षरात अळशी. मितूनं ते वाचलं, या वेळी न अडखळता. बरणी माझ्यापुढे धरली.

"हे ठेवू, का टाकू?"

"टाक," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा झाला की मला पुढचं घाईघाईनं बोलावं लागलं. "बी टाकतात, मितू. मातीत. टाकायचं म्हणजे पेरायचं. एप्रिलमध्ये, तुझ्या ब्रॅकनेलच्या बागेत. त्या वेळीसुद्धा मी फेक म्हटलं नव्हतं, बाळा. मी तुला नीट शिकवलंच नव्हतं."

ती तुझ्या पलंगावर बसली. बरणी मांडीवर घेऊन किती तरी वेळ झाकणावरून अंगठा फिरवत राहिली, तू काडीवरून फिरवला होतास तसा. मग तिनं विचारलं, "अजून किती टाक आहेत, मावशी?"

शैला, मी पर्समधून ती वही काढली आणि एकेक टाक लिहायला घेतला.